सातव्या खोलीच्या दारापर्यंत

विम्याच्या कचेरीतले जुने कॉम्प्युटर भंगारात निघाले, त्याच महिन्यात ते सांभाळणारे काकाही निवृत्त झाले. त्यातले तीन कॉम्प्युटर त्यांनी हातगाडीवर घालून घरी आणले. काकू दारातच म्हणाल्या, "लोक निवृत्तीला घड्याळ आणतात. तुम्ही अख्खं ऑफिसच उचलून आणलंत!"

पण त्या तीन धुडांनीच काकांचं म्हातारपण रिकामं जाऊ दिलं नाही. जुन्या फ्लॉपी वाचणारं यंत्र आता कुणाकडेच उरलं नव्हतं. लोक आपल्या फ्लॉपी पिशवीत घालून काकांकडे येत. सगळ्यात जुना कॉम्प्युटर मोठ्या, लवचिक फ्लॉपी वाचायचा. मधल्याला काका 'दुभाषा' म्हणत, कारण त्याला जुन्याचंही कळायचं आणि नव्याशीही बोलता यायचं. दुभाष्याच्या हातून मजकूर नव्या मशीनवर पोचायचा. कुणाचा प्रबंध, कुणाची वंशावळ, कुणाची कधीच न पाठवलेली पत्रं. काका वाचत काहीच नसत. फक्त फाईल उघडते का तेवढं बघत.

एका गुरुवारी दुपारी पन्नाशीच्या एक शाळामास्तरीणबाई आल्या. त्यांच्याकडे एकच मोठी फ्लॉपी होती आणि तिला बुरशी लागली होती.

"भावाची आहे," त्या म्हणाल्या. "तो चौदा वर्षांचा असताना त्याने माझ्यासाठी गेम लिहिला होता. एकोणिसाव्या वर्षी तापात गेला. आई गेल्यावर माळा आवरताना ही सापडली."

काकांनी फ्लॉपीचं वेष्टण ब्लेडने अलगद कापलं, आतली चकती साबणाच्या पाण्याने धुतली, वाळवली आणि दुसऱ्या स्वच्छ वेष्टणात घातली. यंत्र दोनदा अडलं, घरघरलं. तिसऱ्यांदा पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, इंग्रजी लिपीतलं मराठी: "ढमे, तयार?"

मास्तरीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. हसल्या की रडल्या, ते काकांनी पाहिलं नाही. ते उठून पाणी आणायला गेले.

गेम साधाच होता. एक ठिपका खोल्याखोल्यांतून किल्ल्या गोळा करत जायचा. चुकलं की पडदा म्हणायचा, "आईला सांगू नकोस."

काकांनी दुभाष्यातून त्याची नक्कल काढून दिली, पण दोन दिवसांनी बाई परत आल्या.

"माझ्या लॅपटॉपवर तो ठिपका असा सुसाट सुटतो, की मी बटण दाबेपर्यंत भिंतीवर आपटलेला असतो."

"तो गेम जुन्या मशीनच्या चालीने लिहिलाय," काका म्हणाले. "नवं मशीन पळतं. त्याला आवर घालता येतो तसा, पण... तुम्ही इथेच या की."

मग त्या दर गुरुवारी येऊ लागल्या. काकू चहा द्यायच्या. हरलेल्या बाई कीबोर्डवर हात आपटून म्हणायच्या, "लबाड! इथे मुद्दाम सापळा लावलाय मेल्याने." तेवढा वेळ तो मुलगा शेजारच्या खोलीत असल्यासारखं काकांनाही वाटायचं.

तीन महिन्यांनी त्या सहावी खोली ओलांडून गेल्या. सातव्या खोलीच्या दाराशी ठिपका थांबला. पडद्यावर आलं: "थांब, इथलं अजून बांधतोय."

काकांचे हात शिवशिवत होते. त्या मुलाने लिहिलेल्या ओळी त्यांनी पाहिल्या होत्या. त्याची ढब त्यांना कळली होती.

"एका दिवसाचं काम आहे," ते म्हणाले. "खोली मी पुरी करून देऊ?"

बाईंनी मान हलवली. "नको, काका. इथे उभी राहिले की तो आत आहे, ठाकठोक करतोय, असं वाटतं. तेवढं राहू दे."

पुढच्या वर्षी त्यांची दूरच्या गावी बदली झाली. निरोप घ्यायला आल्या तेव्हा काकांनी तो सगळ्यात जुना कॉम्प्युटर दोन रजयांत गुंडाळून दारात ठेवला होता. मोठ्या फ्लॉपी वाचणारं काकांकडचं ते एकच यंत्र, हे बाईंना ठाऊक होतं. त्या नको नको म्हणत राहिल्या.

"न्या हो," काका म्हणाले. "हल्ली तसल्या फ्लॉपी येतात कुठे?"

टेम्पो वळणापलीकडे गेला तरी ते फाटकाशीच उभे होते.

"लेक सासरी गेल्यासारखे काय बघताय?" काकू म्हणाल्या.

"काही नाही गं," काका म्हणाले. "रस्त्यात धक्के फार आहेत."