सत्तेचाळीस कसं लिहायचं

मुलांना घरी शिकवणाऱ्या आईबापांकडे दुसरं काही असो नसो, किस्से भरपूर असतात. आम्ही चार घरं. दोन जळगावची, एक धुळ्याचं आणि एक नरडाण्याचं. महिन्यातून दोन रविवारी अमळनेरला जमायचो, कारण ते सगळ्यांना मधे पडतं. विषय एकच, मुलांसाठी गणिताचं पुस्तक कुठलं घ्यायचं. चार महिने बसलो, पुस्तक ठरलं नाही. किस्से मात्र साठत गेले.

सुरुवात माझ्याच घरापासून करते.

*

माझी जुई तिसरीत होती. दिवाळीनंतर आम्ही तिला शाळेतून काढलं. दाखला घेऊन येताना नवऱ्यानं जिन्यातच कुणाला तरी फोनवर सांगितलं, "हो, हो, जुईचं नाव काढलं आजच." शेजारच्या सोनवणे काकूंनी अर्धंच ऐकलं. संध्याकाळी पेढे घेऊन हजर. "पोरीनं नाव काढलं म्हणे शाळेत!"

मी पेढे घेतले. खरं सांगायचं धाडस झालं नाही.

खरं असं होतं की बाईंनी फळ्यावर "सत्तेचाळीस" लिहायला सांगितलं आणि जुईनं ७४ लिहिलं. सात आधी ऐकू आला, म्हणून सात आधी लिहिला. बाईंनी तिला तास संपेपर्यंत उभं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नंतर तिनं आकडे बोलणंच सोडलं. किती पोळ्या वाढू म्हटलं तर बोटं दाखवायची. आठ वर्षांची पोर, गणिताचा तास असला की शाळेतच जायचं नाही म्हणायची.

माझे सासरे, आबा, चौतीस वर्षं गणिताचे शिक्षक होते. त्यांचे जुने विद्यार्थी अजून भेटले की हसत तळहात पुढे करतात, छडी कुठे बसायची ते दाखवायला. आबांनी मला एवढंच सांगितलं, "अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत. मी स्वतः परीक्षा घेईन. नाही जमलं तर जूनमध्ये पोरगी परत त्याच शाळेत." आमच्या घरात आबांचा शब्द खाली पडत नाही. म्हणजे माझ्या हातात जेमतेम सहा महिने होते.

*

नरेंद्रभाऊ नरडाण्याच्या एमआयडीसीत इंजिनियर. त्यांनी परदेशातलं एक नावाजलेलं पुस्तक शोधून, छापून, स्पायरल करून आणलं. अपूर्णांकांचा धडा ते आम्हाला जागच्या जागी मराठी करून सांगू लागले.

"एका पायचे आठ समान तुकडे केले. त्यातले तीन खाल्ले. तर उरले किती?"

सगळ्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. संगीताभाभी जैन आमच्या जळगावच्याच, कापडाच्या दुकानवाल्यांच्या घरातल्या. त्यांनी हळूच पदर तोंडाला लावला. धुळ्याच्या शबानाआपांची धाकटी मात्र घरचा मटणाचा रस्सा आठवून खुलली. "अम्मी, अपने पाये?"

"पाय म्हणजे तो गोड केकसारखा असतो हो," नरेंद्रभाऊ घामाघूम होऊन म्हणाले.

"मग भाकरी म्हणा ना भाऊ," आपा म्हणाल्या. "पोरांच्या पोटात तरी जाईल."

*

मग संगीताभाभींनी अॅप घेतलं. त्यांचा पार्थ दिवसाला तीस-तीस गणितं सोडवायचा. पडद्यावर तारे पडायचे, फुगे उडायचे. भाभी खूश, आणि मी जळत होते.

एका रविवारी मी पार्थला सहज विचारलं, "एका आठवड्याचे सात दिवस, मग तीन आठवड्यांचे किती?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं मनात गुणतोय. मग म्हणाला, "काकू, ऑप्शन काय आहेत?"

भाभींनी घरी जाताना गाडीतच अॅप काढून टाकलं. पुढच्या वेळी मला म्हणाल्या, "आप हँसीं नहीं, अच्छा किया." हसू कशी? माझ्या घरी तर उत्तरच येत नव्हतं.

*

शबानाआपांचा किस्सा मी हसत सांगायला लागते आणि दर वेळी मधेच अडकते.

त्या शिलाईकाम करतात. पुस्तकांच्या चर्चेत त्या कधी बोलायच्या नाहीत. "मी चौथी शिकलेली. मला गणित येत नाही. तुम्ही ठरवा, मी घेईन." हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकदा बैठक त्यांच्या घरी धुळ्याला झाली. त्या बोलता बोलता एका कुर्त्याचं कापड बेतत होत्या. कापड कमी होतं, पन्हा वेगळा, बाह्या लांब हव्या होत्या. नरेंद्रभाऊंना राहवलं नाही. त्यांनी वही काढली, आकृती काढली, अपूर्णांक मांडले. "आपा, नाही बसणार. पाऊण वीत कमी पडतंय."

तोवर आपांनी कापड उलट घडीनं दुमडलं होतं, बाह्या बाजूच्या तिरक्या कळीच्या शेजारी आडव्या टाकल्या होत्या आणि कात्री फिरवली होती. कापड पुरलं. चार बोटं उरलंसुद्धा.

नरेंद्रभाऊंनी वही मिटली. "आपा, हे गणितच आहे. तेही अवघड."

आपा कात्री हातात धरून तशाच बसल्या. "असं?" म्हणाल्या. "चाळीस वर्षांत कुणी सांगितलंच नाही."

त्यांचे डोळे भरले होते.  मी चहा टाकायला उठले.

*

फेब्रुवारी संपला तरी जुई बोटंच दाखवत होती. मी आतून खचले होते. नवऱ्यानं शाळेत परत घेतील का याची चौकशीही करून ठेवली होती, मला न सांगता. मला कळलं तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

अशात नरेंद्रभाऊंच्या आई, अक्का, शिंदखेड्याहून आल्या होत्या. अमळनेरला आम्ही बसायचो ते घर त्यांच्या लेकीचं, त्याच्या गच्चीवर त्यांनी बिबड्यांचा घाट घातला होता. ज्वारीचे पापड, आमच्याकडे उन्हाळा लागला की होतातच. आम्ही खाली पुस्तकांवर वाद घालत बसलो होतो. जुई वर अक्कांच्या हाताखाली.

अक्कांना जुईचं काही माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. त्या वीस बिबड्यांची एक चळत लावायच्या आणि तिला 'ईस' म्हणायच्या. अहिराणीत वीस म्हणजे ईस.

मी जिन्यात होते. अक्कांचा आवाज आला, "कितला व्हयनात वं पोरी?"

आणि जुई बोलली. "दोन ईसा नि सात."

 चार महिन्यांत पोरीच्या तोंडून पहिला आकडा आला होता. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

वर गेले तर ती सांडलेल्या पिठात बोटानं काहीतरी लिहीत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, यात चाळीस आधी येतात, सात नंतर. मग चार आधी लिहायचा." पिठात नीट ४७ लिहिलेलं होतं.

पुस्तकाचा विषय त्या दिवशी बंद पडला. नरेंद्रभाऊंनी अक्कांना विचारलं, "माय, तू कुठे शिकलीस हे?" अक्का म्हणाल्या, "यामा शिकानं काय शे?"

*

आता आबांची परीक्षा. निकाल आधीच सांगून टाकते, जुई अजून घरीच शिकते. पण किस्सा तो नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी पुरणपोळीचं जेवण झालं आणि आबांनी पाटी मागितली. आबा मूळ शिंदखेड्याकडच्या खेड्यातले, पण आमच्या घरात अहिराणीचा एक शब्द चालत नसे. आबा पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत. आम्ही सगळे दारात उभे. जुई त्यांच्यासमोर मांडी घालून बसली.

"सत्तेचाळीस."

तिचे ओठ हलले, मग हात हलला. ४७.

"अडुसष्ट." बरोबर. "एकोणऐंशी." बरोबर. दर वेळी आधी ओठ, मग हात. आबांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"त्र्याण्णव."

तिनं ३९ लिहिलं.  मग तिनंच पाटीकडे पाहिलं, पुसलं, आणि या वेळी पुटपुटणं जरा मोठ्यानं झालं, "चार ईसा नि तेरा." आणि ९३ लिहिलं.

"काय म्हणालीस?" आबांनी विचारलं.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं सगळं. जुईनं मान खाली घातली आणि पुन्हा म्हटलं, "चार ईसा नि तेरा."

आबांनी पाटी तिच्या हातातून घेतली. त्या आकड्याखालून बोट फिरवलं. मग बोलले, आणि ते आम्ही कधी ऐकलं नव्हतं अशा आवाजात बोलले.

"मी पहिलीमा व्हतू तवय असंच मोजू. गुर्जीस्नी माले भलतं मारं."

जुईनं मान वर केली. "मग तुम्हाला पण घरी शिकवलं?"

"नही वं," आबा म्हणाले. "मीच गुर्जी व्हई गऊ."