कॅसेटच्या शेवटची दोन मिनिटं

एका गृहस्थांनी लग्न करावं की नाही, या प्रश्नाचं उत्तर मी पुसून टाकलं होतं. तेही पूर्ण शुद्धीत, शनिवारी सकाळी, चहा पीत, आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून घेत. कोणी म्हणेल, परक्या माणसाच्या लग्नाशी तुझा काय संबंध? काही नाही हो. तेच तर सांगतेय.

तेव्हा मी खराडीतल्या एका कंपनीत होते. काचेची इमारत आणि तिला लागून ज्वारीचं शेत, असा तो काळ. माझं काम म्हणजे अमेरिकेतल्या लोकांचे पत्ते साफ करणं. एकच माणूस तीनदा नोंदवलेला असेल तर दोनदा उडवायचा, पत्ता अर्धवट असेल तर पुरा करायचा, माणूस मेला असेल तर बाजूला काढून ठेवायचा. आता याला 'डेटा क्युरेशन' म्हणतात, त्यावर परिषदा भरतात, आणि पोरंपोरी गळ्यात पट्टे अडकवून तासतासभर बोलतात. तेव्हा असलं भारदस्त नाव नव्हतं. सासूबाई शेजारच्या काकूंना सांगायच्या, "आमची सून कंप्युटरवर केर काढते." मला भयंकर राग यायचा. पण खरं सांगू का, इतकं नेमकं वर्णन आमच्या मॅनेजरलाही कधी जमलं नाही.

आणि मला केर काढायला आवडायचंच. चमच्यांच्या खणात सुरी दिसली तर माझा दिवस खराब जायचा. नवरा म्हणायचा, "जरा बेतानं, एक दिवस मलाही डुप्लिकेट म्हणून उडवशील."

शनिवारी सुट्टी असायची. नारायण पेठेत दृष्टिहीन वाचकांसाठी बोलक्या पुस्तकांची एक लहानशी लायब्ररी होती. दोन खोल्या, सहा लोखंडी कपाटं आणि त्यांत गच्च भरलेल्या कॅसेट. लोक आपापल्या घरी बसून पुस्तक मोठ्याने वाचायचे, ते कॅसेटवर भरायचे, आणि त्या कॅसेट टपालाने सभासदांकडे जायच्या. हा सगळा कारभार निवृत्त झालेले एक कार्यवाह बघायचे. मी पहिल्यांदा गेले आणि म्हटलं, "मी मदत करायला आलेय." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणाला?"

तरी त्यांनी ठेवून घेतलं. कॅसेटना बुरशी लागत होती, टेप तुटत होत्या, आणि सगळं कंप्युटरवर चढवून सीडी करायला हवं होतं. ते करणारं तिथं दुसरं कोणी नव्हतं. पुढं कार्यवाह सहा महिन्यांसाठी लेकीकडे अमेरिकेला निघाले. किल्ल्या माझ्या हातात देताना म्हणाले, "फक्त चढवा. सुधारणा करू नका." मी नंदीबैलासारखी मान हलवली आणि पुढच्याच शनिवारी सुधारणेला लागले.

पहिली सुधारणा म्हणजे रबरबँड. कित्येक कॅसेटना रबरबँड गुंडाळलेले होते, काहींना एक, काहींना दोन. उन्हाने वितळून डब्यांना चिकटले होते मेले. मी सगळे ओढून काढले आणि कचऱ्यात टाकले. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मग बाईंची पुस्तकं हाती घेतली. बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका, लायब्ररीच्या सर्वांत जुन्या वाचक. सहकारनगरला एकट्या राहायच्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचायच्या. आवाज खणखणीत, शब्द न् शब्द स्वच्छ. पण मागे कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाल्याची आरोळी, फोनची घंटा. वर बाईंची स्वतःची भर असायचीच. "इथे नदीचं चित्र आहे. बरं नाहीये." "हा नायक मूर्ख आहे, पण लेखकाला अजून कळलेलं नाही. वाचते पुढं." मी हसायचे आणि कापायचे. पडद्यावर आवाजाच्या हिरव्या टेकड्या दिसतात. नको ती टेकडी माउसने धरायची, बटण दाबायचं, की सपाट. माझा नियम एकच होता, पुस्तकात नाही ते फाइलमध्ये नको.

पुस्तक संपलं की कॅसेटवर दोन-एक मिनिटांची टेप उरायची. त्या उरलेल्या जागेतही बाईंचं काहीतरी बोलणं असायचं. 'समाप्त' या शब्दानंतर जे काही दिसेल ते मी ऐकायच्या भानगडीतही पडत नसे. टेकडी दिसली की उडव.

आणि यावर कळस म्हणजे कॅसेट. चांगल्या कोऱ्या कॅसेट मिळेनाशा झाल्या होत्या. मग मी वहीत लिहिलं, 'चढवून झालेल्या मूळ कॅसेटची गरज नाही. वरून नवं भरायला नव्या वाचकांना द्याव्यात.' खाली झोकात सही. कंपनीत अमेरिकेतल्या मेलेल्या माणसाचा पत्तासुद्धा आम्ही चार ठिकाणी जपून ठेवायचो. तीच अक्कल शनिवारी कुठं चरायला जायची, कोण जाणे.

बाईंचं शेवटचं पुस्तक, एक प्रवासवर्णन, मी असंच चकचकीत करून सीडीवर घातलं आणि सभासदांना पाठवलं. पुढच्या महिन्यात बाई गेल्या. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत सगळं आटोपलं. मी त्यांना भेटायला जायचं ठरवत होते, ते तसंच राहिलं.

कार्यवाह परत आले. कपाट उघडून बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, शाबासकी येणार.

"रबरबँड कुठायत?"

"कचरा होता तो. टाकला."

"कचरा," ते म्हणाले. खुर्चीत बसले. मग त्यांनी मला जे सांगितलं, ते कुठल्याही वहीत लिहिलेलं नव्हतं. सभासदाला पुस्तक वाचणाऱ्याशी बोलायचं असेल तर तो कॅसेटच्या शेवटी उरलेल्या टेपवर बोलायचा आणि एक रबरबँड लावून परत पाठवायचा. कार्यवाह ती कॅसेट वाचणाऱ्याकडे पोचवायचे. वाचणारा पुढच्या पुस्तकाच्या शेवटी उत्तर भरायचा आणि दोन रबरबँड लावायचा. म्हणजे ते पुस्तक आधी त्या सभासदाकडे जायचं. वर्षानुवर्षं हा पत्रव्यवहार चालला होता. टपालखर्च एकच, पुस्तकाचा.

"मला सांगायचंत ना!" मी चिडून म्हटलं.

"सांगितलं होतं. सुधारणा करू नका."

कपाळ माझं.

त्यानंतरच्या शनिवारी ते गृहस्थ आले. एका बँकेच्या शाखेत टेलिफोन ऑपरेटर होते, चाळिशीचे. जन्मापासून दिसत नव्हतं. पांढरी काठी, इस्त्रीचा शर्ट. अगदी नीट, हळू बोलायचे. प्रत्येक वाक्य समोरच्याच्या हातात व्यवस्थित ठेवल्यासारखं.

"मॅडम, प्रवासवर्णनाची सीडी मिळाली. तीनदा ऐकली. शेवटी 'समाप्त'नंतर काही नाही. बाई काही बोलल्याच नाहीत का?"

कार्यवाह खिडकीबाहेर बघत राहिले.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या शाखेत कॅश काउंटरला एक बाई होत्या, नवरा काही वर्षांपूर्वी गेलेला. रोज दुपारी त्यांच्याबरोबर डबा खायच्या. आणि एक दिवस त्यांनी स्वतःच विचारलं, आपण लग्न करू या का? यांनी उत्तरच दिलं नाही. आनंद झाला होता, पण मनात एकच भुंगा लागला. ही दया तर नसेल? आयुष्यभर कोणाच्या तरी दयेवर जेवायचं, हे त्यांना नको होतं. घरी विचारावं तर घरचे आधीच पेढे वाटणार. मित्र थट्टा करणार. गोड बोलून फसवणार नाही असं एकच माणूस त्यांना माहीत होतं. म्हणून बाईंना विचारलं. कॅश काउंटरवाल्या बाईंचं सगळं सांगितलं, त्या काय बोलतात, कशावर भांडतात, डब्यातली भाजी आवडली नाही तर कसं तोंडावर सांगतात. पूर्ण दोन मिनिटं भरून विचारलं. कार्यवाहांनी अमेरिकेला जायच्या आधीच ती कॅसेट बाईंकडे पोचवली होती.

"मग सीडी आली, शेवट कोरा. मला वाटलं, प्रश्न आवडला नसेल त्यांना. परत कसं विचारणार? आणि मग कळलं की त्या गेल्याच."

मला रडूच आलं. लाजही वाटली. मी सगळं सांगून टाकलं. बाई बोलल्या होत्या, टेकडी होती, मीच कापली. माझी खात्री आहे की टेकडी होती.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "ती मूळ कॅसेट?"

वही काढली. कॅसेट कोथरूडच्या एका उत्साही वाचकाकडे गेली होती. मी त्याच दुपारी रिक्षाने जाऊन ती आणली. त्यावर आता मधुमेहींच्या आहाराचं पुस्तक होतं. तिघांनी बसून ती शेवटपर्यंत ऐकली. कदाचित टोकाला थोडं जुनं उरलं असेल, एवढीच आशा. मेथीदाणे, कारल्याचा रस, दिवसातून चार वेळा थोडं थोडं खा. वाचक इतका चोख होता की त्याने अगदी टोकापर्यंत टेप भरली होती. कंप्युटरमध्येही शोधलं. तिथली जागा अपुरी पडत होती म्हणून जुन्या फायली मी कायमच्या घालवल्या होत्या. त्या कामातही मी हयगय केली नव्हती.

हल्ली मी कोणालाही मूळ प्रत पुसू देत नाही. आता जागा स्वस्त झाली आहे, त्यामुळे उलटाच घोळ असतो. सगळं ठेवलेलं असतं, पाच-पाच प्रती असतात, आणि कशात काय आहे हे सांगणारा माणूसच नोकरी सोडून बंगळूरला गेलेला असतो. नव्या पोरांचं म्हणणं, आता माणसांनी वाचायची गरजच नाही, मशीनच वाचतं, दमत नाही, चुकत नाही, मधे बोलत नाही. मी म्हणते, मधे बोलत नाही हाच त्यातला दोष आहे बाळांनो. ते एकमेकांकडे बघतात. मॅडमचं वय झालं, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं.

तर ती कॅसेट संपली. कार्यवाह चहा सांगायला खाली गेले. आम्ही दोघंच उरलो.

"मॅडम," ते म्हणाले, "कापताना तुम्ही ऐकलं असेल ना? थोडं तरी?"

"मी बघत होते," मी म्हटलं. "ऐकत नव्हते." आणि हे मी त्यांच्यासमोर म्हणत होते. मग मी खरोखर डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. हेडफोन कानाला होता. 'समाप्त' झालं होतं. आणि मग... "हसल्या होत्या," मी म्हटलं. "हे नक्की. सुरुवातीलाच हसल्या. मी बटण दाबायच्या आत एवढंच कानावर पडलं."

ते पुढं सरकून बसले. चेहरा एकदम बदलला.

"हसण्याच्या आधी खोकल्या होत्या का?"

"म्हणजे?"

"बाईंची सवय होती. नाही म्हणायचं असलं की आधी बारीकसं खोकायच्या, मग हसून गोड शब्दांत नाही सांगायच्या. हो असेल तर नुसत्या हसायच्या. मी एकदा त्यांना एक हजार पानी ग्रंथ वाचाल का म्हणून विचारलं होतं. असल्या खोकल्या!" ते आठवून हसले. "बारा वर्षं ऐकतोय मी त्यांना. यात माझी चूक व्हायची नाही. तुम्ही फक्त एवढंच सांगा. खोकल्या होत्या का?"

आमच्या प्रोग्राममध्ये एक सोय होती. फाइल उघडल्या उघडल्या खोकला, शिंक, घसा खाकरणं, सगळं आपोआप निघून जायचं. माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच. मोठ्या कौतुकाने मीच ती सोय चालू केली होती. बाई त्या दिवशी दहा वेळा खोकल्या असत्या तरी मला एकदाही ऐकू आलं नसतं.

ते वाट बघत होते. दोन्ही हात काठीवर, मान किंचित कलती, कान माझ्याकडे. त्या कानांना माझा श्वाससुद्धा ऐकू जात असणार, या भीतीने मी श्वास धरून ठेवला.

"नाही," मी म्हटलं. "खोकल्या नव्हत्या."

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "सोमवारी सांगतो त्यांना."

लग्नाला मी गेले होते. सारसबागेजवळच्या एका छोट्या कार्यालयात झालं. बायको ठसक्याची होती. मला म्हणाली, "जेवून जा हं, पण मठ्ठा घेऊ नका, आंबलाय." दया हा शब्द तिच्या आसपास फिरकला नसता. आता दोघंही निवृत्त आहेत, भरपूर भांडतात, दर दिवाळीला त्यांचा फोन येतो. ते दरवर्षी न चुकता म्हणतात, "सगळं बाईंच्या त्या एका हसण्यामुळे, मॅडम." मी हो म्हणते. आणि फोन ठेवते.

बाई त्या दिवशी खोकल्या होत्या की नाही, मला आजही माहीत नाही.