उंदीरमारीचं कुंपण

आमच्या मालकांइतका हेकट नवरा महाळुंग्यात दुसरा न्हाई. उद्धवराव त्यांचं नाव. कंपन्यांच्या भरावासाठी मागचा डोंगर खरवडून मुरूम नेला, तवा हेच गप बसले. मग उन्हाळ्यात वाऱ्यानं धूळ आन पावसात मुरूम खाली याया लागला. वरची वावरं उजाड झाली. मेथी-कोथिंबिरीची एकच पट्टी उरली, तीबी बुजत चालली होती. माझा जीव त्या पट्टीत अडकलेला.

डोंगराच्या पायथ्याला सरफराजचं टेम्पो दुरुस्तीचं गॅरेज हाय. बीडकडचा माणूस, तोंडाचा फटकळ. इंजिनात धूळ जाती म्हणून त्यानं उतारावर गिरिपुष्पाच्या फांद्या खोचल्या. दोन पावसाळ्यांत त्या माणसापेक्षा उंच झाल्या आन मुरूम थांबला, खालची माझी पट्टीबी वाचली. यांच्या डोळ्यात तेच सलाया लागलं. बाहेरचा येऊन आमच्या डोंगरावर झाडं लावतो म्हंजे काय!

गिरिपुष्पाला आमच्याकडं उंदीरमारी म्हणत्यात. तेवढं नाव यांना पुरलं. आमची शेळी मेली, तर त्यानं मुद्दाम विषाची झाडं लावली म्हणून गावभर बोंबलत फिरले. अवो, शेळी कंपनीमागच्या कचऱ्यातलं प्लास्टिक खाऊन मेली. डॉक्टरनं पोट फाडून गोळा दाखवला. ऐकत्यात कुठं? कुऱ्हाड घेतली आन सगळी रांग आडवी केली. सरफराज धावला यांच्या अंगावर, हे त्याच्या. मी मधी पडले म्हणून डोकी फुटली न्हाईत. आता पट्टी बुजणार म्हणून मी त्या दिवशी जेवले न्हाई.

त्यावर आणखी हट्ट असा, की सरफराजचा पाय आपल्या वावरात पडाय नको. म्हणून तोडलेल्या त्याच फांद्यांचे खांब करून यांनी वरच्या बांधाला खेटून खेटून ठोकले आन तारा ओढल्या.

पाऊसकाळात खांबांना पालवी फुटली. वरून आलेला मुरूम कुंपणाला अडून बसला. आत माझी कोथिंबीर तरारली.

सरफराज तारेपाशी येऊन उभा राहिला. "मावशी, माझी रांग वाकडी होती," म्हणाला. "काकांनी सरळ लावली." आन थुंकून निघून गेला.

हे ऐकून मालक जे पेटले, ते कुऱ्हाड शोधाया लागले. गोठा पालथा घातला, माळा उपसला. शेवटी माझ्यापाशी आले. मी जुड्या बांधत बसले होते.

"विहिरीत टाकली," मी म्हणलं. "पवता येत आसंल तर काढा."