मुठीतलं मंगळसूत्र

रेडिएशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर रोज दोन-तीन नवरे मूठ मिटून बसलेले दिसतात. आत जाताना बायका गळ्यातलं काढून देतात. घड्याळ, बांगड्या पिशवीत जातात; मंगळसूत्र मात्र कोणी खिशात टाकत नाही. एरवी स्वतःचं पाकीट कुठे ठेवलं ते न आठवणारी ही माणसं. मीही त्यांच्यातलाच.

आत फार काही घडत नाही, असं बायको सांगते. छातीवर पेनानं केलेल्या खुणा जुळवतात, "हलू नका" म्हणतात आणि सगळे बाहेर येतात. जड दार लागतं, यंत्र भोवती फिरतं. दुखत नाही, काही जाणवतही नाही. थोड्या वेळात ती बाहेर येऊन माझ्याकडे पाठ करते आणि मी मंगळसूत्राचा फासा लावत झटापट करतो. लग्नात निदान मदतीला कोणीतरी होतं.

"अहो, लोक बघतायत," ती म्हणते.

काही आठवड्यांनी गळ्याखालची कातडी काळवंडली, आग व्हायला लागली. थकवा तर होताच. डॉक्टर म्हणाले, "हे होतं, हळूहळू बरंही होईल. तिथे साबण चोळू नका, गळ्यात काही घालू नका." मंगळसूत्र देव्हाऱ्यात राहिलं.

दुसऱ्या दिवशी दारापाशी सवयीनं माझा हात पुढे झाला. तिच्याकडे द्यायला काहीच नव्हतं. तिनं माझ्या तळव्यावर सणसणीत टाळी दिली आणि आत गेली.

मी मूठ मिटून बाकावर बसलो.