डॉक्टरांची तिसरी बॅटरी

डॉक्टर कांबळेंची तिसरी बॅटरी माझ्या काउंटरवर आली. त्यांचा ड्रायव्हर म्हादू बॅटरी उचलून आणून दमला होता, तो धापा टाकत बाजूला उभा राहिला. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "चौगुले, जुन्या बॅटऱ्या धुऊन नव्या म्हणून विकता काय हो?"

माझं डोकं लगेच तापतं. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, तोंड सांभाळून बोला. दुसरीकडं जायचं तर दार उघडं हाय."

ते गेले नाहीत. बॅटरी ठेवून स्टुलावर बसले. दोन गिऱ्हाइकं मात्र गेली.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं दुकान होतं आणि दारावर एका मोठ्या बॅटरी कंपनीचा अधिकृत डीलर म्हणून बोर्ड होता. सातवीनंतर ट्रकच्या गॅरेजात बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धूत मी सुरुवात केली होती. ॲसिडनं भोकं पडलेले शर्ट घालून लग्नकार्याला गेलोय. तो बोर्ड मिळवायला मला अठरा वर्षं लागली.

डॉक्टर शाहूवाडीकडचे. घरातले पहिले शिकलेले, गावातच दवाखाना काढलेले. डिझेल जीप घेऊन वाड्यावस्त्यांवर जायचे. डिझेल इंजिन फिरवायला बॅटरीत जोर लागतो. यांची जीप रोज चालली तर सुरू व्हायची, पण दोन दिवस उभी राहिली की मुकी. आठवड्यापूर्वी एका बाळंतिणीकडे जायचं होतं आणि जीप ढकलून सुरू करावी लागली. तेव्हापासून ते गाडी उतारावरच लावत होते. त्यांचा रागही खोटा नव्हता, हे आज कळतं.

पहिली बॅटरी सात महिन्यांत गेली. वॉरंटी होती, बदलून दिली. दुसरी सहा महिन्यांत. तीही बदलून दिली. तिसरी पाच महिन्यांत काउंटरवर आली.

त्याच आठवड्यात कंपनीचा सेल्स ऑफिसर पुण्याहून आला. वयानं माझ्या पोराएवढा, गळ्यात टाय. म्हणाला, एका गिऱ्हाइकाच्या तीन बॅटऱ्या मरतात म्हणजे दोष दुकानात आहे. काही डीलर असं करतात, वॉरंटीत आलेली नवी बॅटरी दुसऱ्याला विकायची आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात दुरुस्त केलेली मारायची. मी तसला नव्हतो. पण त्याच्या डोळ्यांत तेच दिसत होतं.

"महिनाअखेरपर्यंत कारण लेखी द्या," तो म्हणाला. "नाहीतर बोर्ड उतरवावा लागेल."

गिऱ्हाईक म्हणतंय मी चोर, कंपनी म्हणतेय मी चोर. मधे मी आणि ती बॅटरी.

मग कामाला लागलो. हायड्रोमीटर म्हणजे पिचकारीसारखी काचेची नळी, आत एक तरंगता काटा असतो. बॅटरीच्या सहा बुचांतून थोडं थोडं ॲसिड ओढायचं. काटा वर तरंगला तर चार्ज आहे, बुडाला तर नाही. सहाही ठिकाणी बुडाला. बॅटरी पूर्ण चार्ज केली, काटा वर आला. मग कुठलीच वायर न जोडता फळीवर ठेवून दिली. चौथ्या दिवशी काटा पुन्हा तळाला.

बॅटरी नुसती बसल्या जागी रिकामी होत होती. थोडीफार प्रत्येक बॅटरी होते, पण त्याला महिने लागतात. जीपही तपासली. इंजिन चालू असताना चार्जिंग बरोबर होतं. बंद असताना कुठं करंट गळतोय का ते दिव्यानं बघितलं, दिवा लागला नाही. गाडी निर्दोष. दोष बॅटरीच्या पोटात, आणि तिन्ही वेळा तोच. कारखान्यातून तीनदा तशीच बॅटरी एकाच माणसाला येत नाही.

रविवारी स्कूटर काढली आणि डॉक्टरांच्या गावी गेलो. न कळवता. काय असलंच तर लपवायला वेळ मिळू नये म्हणून.

डॉक्टर पडवीत पेपर वाचत होते. "या," एवढंच म्हणाले. त्यांच्या मिसेसनी चहा दिला. मी म्हादूला विचारलं, बॅटरीत पाणी कोण घालतं?

"मीच की. दर आयतवारी."

"कुठलं घालतोस?"

तो उठला आणि पडवीच्या कोपऱ्यातल्या हंड्यावरचं पांढरं फडकं काढलं. तांब्याचा हंडा. बाहेरून चिंचेनं घासून लखलख केलेला.

डॉक्टर पेपर बाजूला ठेवून उत्साहानं सांगू लागले. पहिले दोन पाऊस सोडून द्यायचे, हवेतली धूळ जाते. मग उघड्यावर धोतर बांधून पाणी धरायचं, कौलाचं घ्यायचं नाही. आणि तांब्यात साठवायचं, वर्षभर किडा होत नाही. "तुमच्या बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर कुणी नळावर भरलेलं असतं, कुणास ठाऊक. हे बघा, एक जंतू सापडणार नाही."

मी वाकून हंड्यात बघितलं. पाण्याच्या रेघेवर आतून हिरवा थर होता.

बॅटरीला जंतूंचं काही नसतं. तिला धातूचं असतं. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात, त्यामुळं ते भुकेलेलं असतं, भांड्याचा अंश खातं. तो तांब्याचा अंश ॲसिडमधून जाऊन बॅटरीच्या प्लेटांवर बसतो आणि आतल्या आत बारीक बारीक शॉर्ट करतो. गाडी उभी असली तरी बॅटरी स्वतःलाच खात राहते.

मी हे सांगितलं. समजायला डॉक्टरांना वेळ लागला नाही.

मी म्हणालो, "आता सांगा, चोर कोण?"

"चौगुले," ते म्हणाले, "पहिली बॅटरी घेताना मी विचारलं होतं, आमच्याकडे डिस्टिल्ड वॉटर मिळत नाही, काय करू? तुम्ही म्हणालात, पावसाचं धरा, फर्स्टक्लास चालतंय."

म्हणालो असणार. लांबून येणाऱ्या दहा जणांना मी रोज तेच सांगायचो. भांडं कसलं, हे कधी सांगितलं नव्हतं. म्हादू खाली बघत होता.

"पावसाचं म्हणलोतो. तांब्यातलं न्हाय," मी म्हणालो. ते मलाच पटलं नाही.

डॉक्टरांनी पॅड काढलं आणि न मागता पत्र लिहिलं. बॅटरीत दोष नव्हता, विक्रेत्याचाही अप्रामाणिकपणा नव्हता, तांब्याच्या भांड्यातलं पावसाचं पाणी घातल्यानं असं झालं. शेवटची ओळ होती, पावसाचं पाणी वापरण्याचा सल्ला विक्रेत्याचा होता.

कंपनीच्या कागदावर स्पष्ट छापलेलं असायचं, फक्त डिस्टिल्ड वॉटर. ती ओळ ऑफिसरनं वाचली की बोर्ड गेलाच, असं मी धरून चाललो.

मी आयुष्यभर घासाघीस केली आहे. त्या दिवशी एका ओळीसाठी केली. म्हणालो, नवी बॅटरी माझ्या खरेदीच्या भावात देतो. मग म्हणालो, फुकट देतो. मग म्हणालो, ओळ राहू द्या, 'विक्रेत्याचा' हा शब्द तेवढा काढा.

"खोटं सर्टिफिकेट मी पेशंटलासुद्धा देत नाही," डॉक्टर म्हणाले. "घ्यायचं तर सगळं घ्या."

माझं डोकं पुन्हा तापलं. पत्र त्यांच्यासमोर फाडलं, तुकडे चहाच्या बशीत टाकले आणि स्कूटरला किक मारली.

महिनाअखेरीला ऑफिसरला सगळं तोंडी सांगितलं, माझी चूक सोडून. त्यानं विचारलं, "लेखी काय आहे?" काही नव्हतं. पंधरा दिवसांनी दोन माणसं शिडी घेऊन आली आणि बोर्ड उतरवून समोरच्या लेनमधल्या दुकानावर लावला. माझ्या दारातून दिसायचा.

काही वर्षांनी तोच ऑफिसर कोल्हापुरात एका लग्नात भेटला. नोकरी बदलली होती. जेवताना मी त्याला पत्रातली ती ओळ सांगितली. तो म्हणाला, "अहो, मग द्यायचं होतं की. पावसाचं पाणी सगळेच डीलर सांगायचे. आम्हाला फाइलला लावायला कागद पाहिजे होता फक्त."

मी पान न संपवता उठलो.

डॉक्टरांनी चौथी बॅटरी माझ्याकडूनच घेतली, दुसऱ्या कंपनीची, भाव न करता. तिला पाणी प्लास्टिकच्या कॅनमधलं. चार वर्षं चालली. गावात त्यांनी स्वतः सांगितलं की चौगुले चोर नाही. पण दुकानातून आधी उठून गेलेली ती दोन गिऱ्हाइकं परत आली नाहीत.

त्यानंतर कुणी पाण्याचं विचारलं की मी सांगायचो, डिस्टिल्डच. मिळालं नाही तर माझ्याकडून घेऊन जावा. पावसाचं नाव काढायचं न्हाय. लोक विचारायचे, "का हो, पूर्वी तर तुम्हीच म्हणायचा?"

मी डिस्टिल्डची बाटली पुढं सरकवायचो. आज उत्तर लिहून दिलं, सगळ्या ओळींसकट.