शकुनाचा राग

चहा आधी ओतून घ्या. हे सांगताना माझे कान अजूनही तापतात!

मी तसा शांत माणूस. मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, घर डेट्रॉइटजवळ नोव्हायला. ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात आमची सुजाता बर्फावरच्या हॉकीत गोलकीपर झाली. वय दहा. तिचा कोच हँक एके काळी व्यावसायिक गोलकीपर होता, तोही मुखवटा न घालता गोलसमोर उभं राहायच्या काळातला. पुढचे दात गायब, हनुवटीवर टाक्यांची नक्षी. आता मुलांना शिकवायचा.

पहिल्या मॅचला सुजाताचे आतले हातमोजे गाडीत राहिले. ते द्यायला मी खेळाडूंच्या खोलीत गेलो आणि बघतो तर काय! सगळी मुलं एका बाकावर दाटीवाटीने बसलेली, खिदळताहेत, एकाच बाटलीतून पाणी पिताहेत. आणि माझी मुलगी? समोरच्या कोपऱ्यात एकटी. तिच्याशी कुणी अक्षर बोलत नाही. तिची बाटली वेगळी, वर लाल पट्टी. एका पोराचा हात तिच्या स्टिकला लागणार, तेवढ्यात हँक गरजला, "डोन्ट टच दॅट!"

आता सांगा, माझं काय झालं असेल? माझे वडील विदर्भातल्या शाळेत असेच दाराजवळ वेगळे बसत. पाणी वरून ओतलेलं प्यायचे. आमच्या घरात हे चित्र कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

"मिस्टर!" मी ओरडलो. "माझ्या मुलीला वेगळं का बसवलंय? तिची बाटली वेगळी का? तिच्या वस्तूला हात लागला तर बाटता का तुम्ही?"

इंग्रजी संपलं तिथे उरलेलं मराठीत सांगितलं. आवाज मात्र तोच.

"बाबा, स्टॉप इट!" सुजाता रडकुंडीला आली.

"तू घाबरू नकोस. मी आहे!"

"बट आय लाइक इट हिअर!"

"सवयच लावून घेऊ नकोस याची! तुझं नावच काढतो या टीममधून. आज, आत्ता!"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला वाटलं, अपमानाचं! मी आणखी चढलो.

हँकने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "सर, गोलकीपर मॅचआधी एकटाच बसतो. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या स्टिकला हात लावायचा नाही. बाटलीवर खूण आहे, कारण ती गोलच्या जाळीवर ठेवायची असते. माझी अख्खी कारकीर्द मी अशाच कोपऱ्यात बसलो. खोलीतली सर्वांत मानाची जागा आहे ती. दोन पोरं मागत होती, मी हिला दिली."

मी हातमोजे सुजातापुढे ठेवले.

"आणि मॅचआधी गोलकीपरशी बोलणारा," तो पुढे म्हणाला, "मी पाहिलेला पहिला माणूस तुम्ही."

राग खोटा नव्हता हो! पत्ता चुकला होता. नाव काढायचा विषय तिथेच सोडला, सुजाताची माफी मागितली आणि खाली मान घालून बाहेर आलो. त्या दिवशी तिने एकही गोल होऊ दिला नाही.

पुढच्या शनिवारी बायको सुजाताला घेऊन गेली, मी घरीच. तेवढ्यात फोन. हँक! "कुठे आहात? मॅच सुरू होईल."

"मी खोलीत पाय ठेवणार नाही. शब्द देतो."

"ठेवावाच लागेल! मागच्या वेळी तुम्ही ओरडलात आणि आपण जिंकलो. गोलकीपर शकुन बदलत नाही. या आणि तसंच ओरडा. त्या दुसऱ्या भाषेसकट."

काय सांगू! हिवाळाभर दर शनिवारी मी त्या दारात उभा राहून भडकत होतो. पोरं टाळ्या वाजवायची. सुजाता कोपऱ्यात डोळे मिटून ऐकायची, मंत्र ऐकावा तशी.

शेवटच्या मॅचला मात्र राग येईना. येणार कसा? तोवर हँक आमच्याकडे दोनदा झुणका-भाकर खाऊन गेलेला. "मिस्टर..." म्हणालो, तर आवाज जावयाशी बोलल्यासारखा! हँकचा चेहरा पांढरा पडला. कोपऱ्यातून सुजाता ओरडली, "बाबा, डू इट प्रॉपरली!"

शेवटी हँक धावत जाऊन प्रेक्षकांत बसलेल्या माझ्या बायकोला घेऊन आला. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अहो, घरी रोज बिनकारणाचं जमतं, आणि आज कामाच्या वेळेला घसा बसला?"

त्यावर मी असा काही भडकलो, की हँकने समाधानाने मान डोलावली आणि आम्हा दोघांना बाहेर काढून दार लावून घेतलं.