खडकपुऱ्याची सरकारी विहीर

आमच्या खडकपुऱ्यात बारा वर्षांपासून एक बातमी फिरते. सरजाबाईनं विहीर सरकारला विकली आणि त्या पैशावर पोराला शिकवून मोठा साहेब केला. ही बातमी मी गोलाईतल्या चहाच्या हॉटेलात तीन वेगवेगळ्या तोंडून ऐकली आहे, आणि खोटं कशाला बोलू, चौथं तोंड माझंच होतं. तर ती बातमी साफ खोटी. सरजाबाईनं विहीर विकली नाही, विहीर गेली. पोरगा साहेबबिहेब नाही, उदगीरकडं शाळेत मास्तर आहे, आणि तो शिकला आईनं फोडलेल्या खडीवर.

लातूरबाहेरच्या माणसाला खडकपुरा ठाऊक असायचं कारण नाही. गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात. त्यातला एक धरायचा, सराफा, मिरची, चपला असं सगळं मागं टाकायचं आणि रिक्षावाल्याला म्हणायचं, सरकारी विहीर. तो बरोबर आणून सोडतो. पाहुणा उतरतो आणि मान वळवून वळवून बघतो. पानटपरी दिसते, रसवंती दिसते, शिकवणीच्या पाट्या दिसतात. विहीर काही दिसत नाही. कशी दिसंल? ती डांबराच्या खाली आहे. पाहुणा उभा असतो तो तिच्या बरोबर डोक्यावर.

पूर्वी खडकपुरा म्हणजे लातूरबाहेरचं वेगळं गाव. मधे नुसती ज्वारीची रानं. गावात एक आड होता आणि त्या आडावर सरजाबाईच्या वस्तीनं दोर सोडायचा नाही, असा जुना कायदा. त्यांनी घागरी घेऊन लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओतायचं. छप्पन साली वस्ती बौद्ध झाली. त्यांनी देव सोडले, पण आम्ही आड सोडला नाही. सरजाबाईचा नवरा लिंबाजी खाणीवर सुरुंग भरायचा. तो म्हणाला, बास झालं उभं राहणं. घरामागं त्यांची जुनी इनामाची पट्टी होती, तिथं त्यानं कुदळ मारली. तीन उन्हाळे वस्ती खांदत होती. खाली काळा पाषाण. लिंबाजी सुरुंग लावायचा, सरजाबाई पाटीनं दगड वर टाकायची. चौसष्ट साली पस्तीस हातांवर पाणी लागलं. मी तेव्हा सतरा वर्षांचा. लिंबाजी वर येऊन चिखलासकट नाचला, ते मी आमच्या माळवदावरून बघितलं होतं. पुढं पाचेक वर्षांत तो पोटाच्या दुखण्यानं गेला. विहीर राहिली, आणि शेजारी तिच्यातून निघालेल्या दगडाचा ढीग राहिला.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्र्याहत्तरच्या संक्रांतीला आमच्या आडात बादली टाकली की खडखड वाजायला लागली. आणि लिंबाजीच्या विहिरीत गळ्याएवढं पाणी. खडकपुऱ्यातल्या बाया आठ दिवस कळ काढून बसल्या. नवव्या दिवशी माझी माय बसम्मा आणि पाटलाच्या अमृतरावांची बायको धुरपताबाई डोक्यावरून पदर ओढून घागरी घेऊन गेल्या आणि विहिरीपासून लांब उभ्या राहिल्या. कुणी त्यांना लांब उभं केलं नव्हतं. आपला दोर त्या विहिरीत सोडायचा कसा, हा त्यांचा पेच होता.

सरजाबाईनं बघितलं. दोर घेतला, पोहरा सोडला, वर ओढला आणि दोघींच्या घागरीत ओतला. पहिल्या दिवशी ती एक अक्षर बोलली नाही, हे मी नवल म्हणून सांगतो, कारण त्या बाईच्या तोंडाला धरणाचा दरवाजा नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "घागर जरा खाली धरा, वैनी. वरून पडलेलं पाणी बाटत न्हाई, तुमच्याच आडावरली रीत हाय."

सहा महिने हे चाललं. सरजाबाई पहाटे वस्तीचं पाणी शेंदायची, मग आमचं, मग दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची तांबडी भाकर खाऊन परत यायची आणि पुन्हा दोर धरायची. आमचं दुकान दोरखंड-सुतळीचं. सहा महिन्यांत तिचे तीन दोर झिजले. तिन्ही आमच्या दुकानातले. दुकानात होता तोवर तो दोर आमचा, विहिरीत उतरला की आम्ही त्याला हात लावत नव्हतो. घरी पाणी आलं की माय घागरीत चिमटीभर विभूती टाकायची. अमृतरावांच्या घरी तुळशीचं पान पडायचं. एवढी औषधं पोटात गेल्यावर पाणी बाधायची काय बिशाद.

पण खरं औषध अमृतरावांनीच शोधलं. त्या उन्हाळ्यात खडकपुऱ्यात टँकर आला एकदाच. त्याची तोटी गळत होती, तेव्हा ड्रायव्हरनं सगळं पाणी जवळच्या विहिरीत सोडून दिलं आणि मोकळा टँकर घेऊन गेला. जवळची विहीर म्हणजे लिंबाजीची. अमृतराव संध्याकाळी पारावर म्हणाले, आता ते पाणी सरकारचं झालं. सगळ्यांच्या जिवात जीव आला. एका टँकरचं पाणी खडकपुऱ्याला पावसाळ्यापर्यंत पुरलं. इतकं बरकतीचं पाणी आम्ही पुन्हा बघितलं नाही. विहिरीला नाव पडलं सरकारी विहीर. मुखेडच्या सोयऱ्यांना पत्रं गेली, की इथं सरकारनं विहिरीवर सोय केली आहे, काळजी नसावी.

त्याच उन्हाळ्यात देवणीहून माझ्या बहिणीला बघायला पाव्हणे आले. मुलाच्या चुलत्यानं तांब्याला हात लावायच्या आधी विचारलं, पाणी कुठलं? माय म्हणाली, सरकारी विहिरीचं. तो घटाघटा प्याला. लग्न जमलं. मी तिथंच सतरंजीवर बसलो होतो आणि माझ्या मनात आलं, काय हुशार बाई आहे आपली माय.

पुढं पाऊस आला, आडाला पाणी आलं, बाया आडावर गेल्या. सरजाबाईच्या विहिरीवर पुन्हा फक्त वस्ती राहिली. नाव मात्र सरकारीच राहिलं. तिला ते ऐकू यायचं. एकदा दुकानात सुतळी घ्यायला आली तेव्हा म्हणाली, सरकारनं जरा शेंदू तरी लागावं, माझे खांदे गेले. मी हसलो. तीही हसली. तेव्हा त्या नावानं कुणाचं काही जात नव्हतं.

ब्याऐंशी साली ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. गोलाईत फटाके फुटले. दर कागदासाठी उस्मानाबादची एसटी धरायचं संपलं, म्हणून आम्ही अनोळखी माणसांना पेढे खाऊ घातले. वर्षभरात मोजणीवाले साखळ्या घेऊन खडकपुऱ्यात आले. नव्या हापिसांकडं जाणारा मोठा रस्ता निघणार होता आणि तो नेमका सरजाबाईच्या पट्टीवरून जात होता.

तिच्याकडं कागद होता, निजामाच्या काळचा, उर्दूतला. जुन्या कचेरीतल्या एका म्हाताऱ्या पेशकारानं तो वाचून दिला. पट्टीचं उत्तरेकडचं टोक, जिथं घर होतं, तेवढंच त्यात सासऱ्याच्या नावावर निघालं. विहिरीकडचा भाग धूसर, आणि विहिरीचा तर उल्लेखच नाही. असेल कसा? विहीर नंतरची. मोजणीचे साहेब म्हणाले, ठीक आहे, गावातल्या पंचांना विचारू, विहीर कुणी खोदली. ते सांगतील तसं लिहू. विहीर तिची ठरली तर रस्ता चार हात सरकवता येतो, नाहीतर तिला दुसरी जागा तरी देता येते.

सरजाबाई घरोघर फिरली. आमच्याकडं आली तेव्हा माय तिला म्हणाली, आत ये. वीस वर्षांत पहिल्यांदा. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच मला म्हणाली, "आप्पा, मला दुसरं कायबी नगं. साहेबानं इचारलं की एवढंच सांग, हिर लिंबाजीनं खांदली. तू डोळ्यानं बघितलास."

मी म्हणालो, "हाव अक्का, सांगतो की. त्यात काय."

खरंच वाटलं होतं, त्यात काय. रात्री जेवताना मायनं माझ्या ताटात भाकर टाकली आणि एवढंच म्हणाली, की मग आपण तव्हा काय पिलो ते पण सांगावं लागंल. मी भाकर तशीच ठेवली. नंतर खाल्ली.

पंचनाम्याच्या दिवशी सगळे लिंबाखाली जमले. वस्तीतली माणसं पुढं झाली, त्यांनी सांगितलं विहीर आम्ही खांदली. साहेब म्हणाले, तुम्ही तर तिचीच माणसं, बाहेरचा पंच लागतो. अमृतरावांनी घसा साफ केला आणि म्हणाले, सरकारी विहीर आहे, बहात्तरला टँकर यायचे. दुसऱ्या दोघांनी माना डोलावल्या. राहिलो मी. नेमके त्याच आठवड्यात माझे मेव्हणे संगप्पा देवणीहून आले होते, बैलबाजारासाठी. ते माझ्या बाजूलाच उभे. बहिणीला तेव्हा दोन लेकरं. संगप्पा कुतूहलानं म्हणाले, हीच का ती विहीर, जिचं पाणी आमचे काका पिले?

साहेबांनी विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"सरकारीच हाय," मी म्हणालो. आणि सही केली. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

सरजाबाई समोर उभी होती. तिनं ना शिव्या दिल्या ना बोटं मोडली. मला वाटलं होतं तिचं तोंड सुटंल आणि त्या भांडणात माझी सही झाकून जाईल. तसं झालं नाही. ती घरी गेली. त्या दिवसापासून तिनं मला आप्पा म्हणणं सोडलं.

सरकारची विहीर सरकारनं बुजवायला कुणाची परवानगी लागत नाही. मुरूम आणायलाही लांब जावं लागलं नाही. शेजारी लिंबाजीनं काढलेला दगडाचा ढीग होताच. तोच लोटला. तीन उन्हाळे लागलेलं काम दोन दिवसांत उलटं झालं. सरजाबाई दोन्ही दिवस दारात बसून होती. पाटी पाटीनं वर आलेला दगड खाली जाताना बघत होती. पुढं विकल्याची बातमी कुणी उठवली मला माहीत नाही, पण तिची आम्हाला फार गरज होती. विकली म्हटलं की प्रश्न मिटतो. न विकता गेली म्हटलं की मग कुणीतरी विचारतो, कशी गेली?

आता आड पण बुजला. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. उन्हाळ्यात सरकारी विहीर थांब्यावर खरोखरचा टँकर येतो आणि खडकपुरा घागरी घेऊन रांगेत उभा राहतो. सरजाबाईपण उभी राहते, पासष्टीची, वाकलेली. तिच्या पुढच्या-मागच्या बाया तिला विचारत नाहीत, विहीर कुठं होती ते.

यंदा आमच्या मंडळानं ठरवलं, नाक्यावर मोठी पाटी लावायची, परिसराची ओळख म्हणून. गोलाईकडून येणारा रस्ता कसा झाला, वेस कुठं होती, पार कुणी बांधला. मजकुराच्या कच्च्या कागदावर एक ओळ अशी होती: सरकारी विहीर, बहात्तरच्या दुष्काळात शासनाने केलेली सोय. अक्षर चांगलं म्हणून कागद माझ्याकडं आला. माय जाऊन सहा वर्षं झाली. अमृतरावही गेले. बहिणीची पोरगीसुद्धा सासरी नांदायला गेली. आता खरं बोलायला पदरचं काही लागत नव्हतं, म्हणून मला खरं बोलायची हौस आली. ती ओळ खोडली आणि लिहिलं, कै. लिंबाजी यांनी खोदलेली विहीर. कागद घेऊन सरजाबाईकडं गेलो.

ती दारात सुपात तूर निवडत बसली होती. मी वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली, खडे बाजूला काढत राहिली. मी म्हणालो, अक्का, दगडात कोरून घेऊ, पुसायचं काम नाही. तिनं आणखी एक खडा काढून टाकला. मला वाटलं नाव कमी पडलं, म्हणून म्हणालो, तुझंपण घालू, सरजाबाई आणि लिंबाजी. शेवटी मीच कंटाळून म्हणालो, तू सांग मग, काय लिहू?

सूप खाली ठेवून ती म्हणाली, "हिरीचं नाव लिवूच नगंस. त्या सालात तिचं पाणी कुणी कुणी पिलं त्यांची नावं लिव, तुझ्या मायपासून सुरू कर. हिर कुणाची, ते मग कुणाला इचारावं लागत न्हाई."